अर्ध्या तोंडाचा प्रयोग

"जोर लाव की," अक्का म्हणाली. "देवाला गंध लावल्यासारखं काय करायलीस?"

मी जोर लावला. बोट काळ्या पुडीत बुडवलं आणि दातांवर घासलं. दातांवर म्हणजे दातांवर बसवलेल्या तारेवर. तारेचं एक टोक दाढेपाशी जरा बाहेर आलं होतं, त्याने बोट कापलं. मग चूळ टाकली तेव्हा पाण्यातलं लाल बोटाचं किती आणि हिरड्यांचं किती, हे सांगणं अवघड होतं. अक्काला ते मुळीच अवघड गेलं नाही. मोरीकडे वाकून ती म्हणाली की बघ, खराब रक्त कसं बाहेर पडतंय, उद्यापासून दोन्ही वेळा घास.

त्या न्यायाने माझ्या अंगात चांगलं रक्त शिल्लकच नसावं. तार बसवल्यापासून रोज सकाळी हेच चाललं होतं.

अक्का म्हणजे माझी आत्या, आणि तिचे धाकटे भाऊ म्हणजे माझे वडील आप्पा, म्हणजेच विश्वंभर वायकुळे, 'कुंदकळी दंतमंजन'चे मालक. बार्शीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं आणि मागच्या पडवीत कारखाना. कारखाना म्हणजे अक्काच. बदामाची टरफलं जाळायची, कोळसा कुटायचा, त्यात तुरटी, लवंग, सैंधव आणि एक घरगुती गुपित घालून सगळं वस्त्रगाळ करायचं, हे काम ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. गुपित म्हणजे गेरू, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण ते टाकताना अक्का पडवीचं दार लावून घ्यायची.

पाकिटावर एक बाई हसत होती. चित्रकाराने उत्साहाच्या भरात तिला माणसाला असतात त्यापेक्षा बरेच जास्त दात काढले होते. तिच्याखाली छापलं होतं, 'दात हलणे, हिरड्यांतून रक्त येणे, तोंडास वास येणे, सर्वांवर रामबाण.' अशा घरात माझा जन्म झाला आणि माझे दात एकावर एक आले. वरचे दोन सुळे तर जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखे इतरांच्या डोक्यावर चढून बसले. पाचवीपासून मी हसताना तोंडावर हात धरायची. शाळेत कुणी गंमत केली की आधी हात वर जायचा, मग हसू यायचं. हातात दप्तर-डबा असं काही असलं तर मी हसू गिळून टाकायची. पंधराव्या वर्षी मुलींना काय काय हवं असतं. मला एकदा हात खाली ठेवून हसायचं होतं, बाकी काही नको होतं.

तार बसवायचं आईने काढलं. ती सोलापूरची. तिच्या माहेरी पेस्ट होती, ब्रश होते, म्हणजे अक्काच्या मते तिथे धर्म बुडालेलाच होता. आईने आप्पांना एवढंच सांगितलं की वृंदाला बघायला येणारा मुलगा पाकिटावरच्या बाईला बघायला येणार नाही. आप्पा दोन दिवस जेवताना गप्प होते. तसे ते जेवताना गप्पच असत. भाकरी दुधात कुस्करायची, बराच वेळ भिजू द्यायची आणि खाली मान घालून खायची, ही त्यांची पद्धत. आम्हाला वाटायचं त्यांना दूध फार आवडतं.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बसवा तार. पण दुकानात बसायचं नाही, बाजारात यायचं नाही. उद्या गिऱ्हाईक विचारेल, कुंदकळीवाल्याच्या पोरीला दाताचा डॉक्टर कशाला लागला?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तोंड मिटून हसायला शीक. होते सवय."

म्हणजे आधी दातांसाठी हात वर जायचा, तो आता तारेसाठी जाऊ लागला. एवढीच प्रगती झाली.

तारेचं आणि कुंदकळीचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. वस्त्रगाळ कोळसा तारेखाली जाऊन बसायचा तो बसायचाच. वर जेवणात शेंगाचटणी, ती नसेल तर आमच्याकडे ताट वाढल्यासारखं वाटत नाही. शेंगा आणि कोळसा यांचं मिळून जे काही तयार व्हायचं, त्याने भिंत लिंपता आली असती. बोट तारेच्या वरून फिरायचं, खाली शिरायला त्याला जागाच नव्हती. हिरड्या आधी लाल झाल्या, मग फुगल्या, मग तारेवर उतरायला लागल्या. वास यायला लागला. वर्गात शेजारी बसणारी मुलगी खिडकीजवळ हवा चांगली येते म्हणून तिकडे बसायला गेली.

सोलापूरला दर महिन्याला आई मला डॉक्टर नदाफांकडे घेऊन जायची. त्या खेपेला त्यांनी तोंड उघडायला लावलं, दिवा जवळ ओढला आणि आईकडे वळले.

"कशानं घासते ही?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. "मंजनानं," आई म्हणाली.

"कुठल्या?"

घराण्याची अब्रू कुठे राखायची हे आईला बरोबर कळायचं. ती म्हणाली, "गावातलंच आहे एक."

डॉक्टरांनी मग एक प्लास्टिकचा जबडा काढला, त्यालाही तार होती, आणि मऊ ब्रशने घासून दाखवलं. ब्रश तिरका धरून आधी तारेच्या वर, हिरडीच्या कडेकडेने, मग तारेच्या खाली. दोन दातांच्या मधे, तारेच्या आतून घालायला एक एवढासा ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू म्हणावं असा. प्रत्येक जेवणानंतर. आणि रक्त आलं म्हणून घासणं सोडायचं नाही. घाण अडकलीय म्हणून रक्त येतंय, ती काढली की थांबेल. पण हलक्या हाताने.

"पुढच्या वेळी हिरड्या अशाच असतील तर मी तार काढून टाकीन," ते म्हणाले. "परत बसवणार नाही. हिरड्या गेल्यावर दात सरळ करून ठेवायचे कुठं?"

तार काढली तर दात परत होते तिथे जातील का, असं मी विचारलं. हळूहळू जातील, म्हणाले. माझे सुळे अर्ध्या वाटेवर आले होते. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले, अर्थात तोंड मिटून.

घरी आईने आप्पांना सगळं सांगितलं. अक्काने मधेच ब्रशवर निकाल दिला की त्याला डुकराचे केस असतात. हे केस प्लास्टिकचे असतात असं आई म्हणाली, तर अक्काने विचारलं, तू डुक्कर बघितलंस का प्लास्टिक बघितलंस? आप्पांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. हिरड्यांतून रक्त येणे यावर कुंदकळी हा उपाय असल्याचं त्यावर त्यांच्या वडिलांच्या काळापासून छापलं होतं. आपलंच पाकीट खोटं म्हणायचं का, असं त्यांनी विचारलं आणि दुकानात गेले. निर्णय झाला. कुंदकळीने रक्त येत असेल तर कुंदकळी वाढवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का पडवीत टरफलं जाळत असताना आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तूरडाळीचा मोठा डबा खाली काढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि कापडात गुंडाळलेली पुरचुंडी बाहेर काढली. आत दोन ब्रश होते. एक कोरा आणि एक बराच वापरलेला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"माझाच की," आई म्हणाली. "लग्न होऊन आले त्या आठवड्यात तुझ्या अक्कानं माझा ब्रश बंबात टाकला. तेव्हापासून डाळीत ठेवते."

अठरा वर्षं हे घर ती डाळ खात होतं. कुंदकळीच्या मालकीणबाईंचे दात गल्लीत सगळ्यांत छान म्हणून अक्का लोकांना त्यांचंच उदाहरण द्यायची.

आता खरं तर मी दोन्ही बाजू नीट घासायला हव्या होत्या. हिरड्या सुधारल्या असत्या, तार राहिली असती, विषय संपला असता. पण संपला नसता. अक्का सकाळी समोर उभी राहून माझ्याकडून मंजन घासून घेणार, हिरड्या सुधारणार आणि श्रेय कुणाला? पुढच्या बाजारी आप्पा सांगणार, आमच्या पोरीच्या हिरड्या तारेतसुद्धा कुंदकळीनं ठणठणीत केल्या. आणि मी आयुष्यभर डाळीत हात घालत बसणार. या विचाराने मला इतका राग आला की मी शहाणपणा सोडून दिला.

आप्पांची बाजारात माल खपवायची एक पद्धत होती. हातगाडीवर पाकिटं रचायची, बाजूला पाण्याचा तांब्या आणि मुठीचा आरसा. गर्दी जमली की त्यातला पिवळ्या दातांचा एक गडी पुढे बोलवायचा आणि त्याचं अर्धंच तोंड घासायचं. फक्त डावी बाजू. मग आरसा त्याच्या हातात द्यायचा आणि गप्प उभं राहायचं. "सांगायचं नसतं, दाखवायचं असतं," आप्पा म्हणायचे. "अर्धं घासलं की उरलेलं अर्धं आपोआप बोलतं." ते स्वतःचे दात कधीच दाखवत नसत. भरघोस मिशी होती, तिच्या आतल्या आत हसायचे. मालकाने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये, असं कुणी विचारलं तर सांगायचे.

मीही डावी बाजू घेतली. सकाळी अक्कासमोर बोटाने सगळे दात घासायचे. मग न्हाणीघरात कडी लावून डावी बाजू ब्रशने, तारेच्या वरून, तारेच्या खालून, मधून. जेवण झालं की पुन्हा डावी. उजवीला मी हात लावला नाही. आठवड्याने डाव्या बाजूचं रक्त थांबलं. उजवीकडे मात्र हिरडी तारेवर चढत चालली होती आणि मला रोज भीती वाटायची. आप्पांच्या गड्याला अर्धं तोंड तसंच राहिलं तर फरक पडत नव्हता. माझी तार जाणार होती. एकदा मी उजवीकडे ब्रश नेलासुद्धा, आणि परत आणला.

सोलापूरला जायच्या दिवशी सकाळी आईची कंबर धरली. आदल्या संध्याकाळपर्यंत ती ठणठणीत होती. कण्हत कण्हत तिने आप्पांना सांगितलं की या वेळी तुम्हीच जा. मी तोंडाची एकच बाजू घासतेय हे तिला दिसत होतं, एवढंच मला त्यावरून कळलं.

दवाखान्यात आप्पा दाराजवळच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांनी दिवा ओढला. आधी डावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा." मग उजवीकडे पाहिलं. मग पुन्हा डावीकडे.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी आप्पांना जवळ बोलावलं. "हे बघा. ही हिरडी गुलाबी, घट्ट, तारेत कण नाही. आणि ही बघा. एकाच माणसाचं तोंड आहे हे. मी असं कधी पाहिलं नाही."

आप्पांनी पाहिलं होतं. दर बाजारी पाहत होते. ते वाकले, डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली आणि तसेच वाकलेले राहिले. माझ्या तोंडात डॉक्टरांचा आरसा होता, त्यामुळे मला काही सांगता आलं नाही. सांगायचं नव्हतंच.

"डावी कशानं घासलीस?" आप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी आरसा काढला. "ब्रशनं," मी म्हणाले.

"आणि उजवी?"

"कुंदकळीनं."

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. मागच्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, ते म्हणाले, अर्धं तोंड घासून चालत नाही, उजवीकडे हाड झिजायला सुरुवात होईल, मी तार काढतो. त्यांनी ट्रेमधून पकड उचलली. सगळी हुशारी त्या क्षणी उतरली आणि मला वाटलं, मी हरले, आता जन्मभर तोंडावर हात.

"डॉक्टर, थांबा," आप्पा म्हणाले. "तिची बाजू डावी. ती तिनं नीट राखलीय. उजवी बाजू माझी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती माझ्यामुळं अशी झालीय. माझ्यासाठी तिची तार काढू नका. एक महिना द्या. उजवी मी बघतो."

डॉक्टरांनी पकड ठेवली, उजवी बाजू साफ केली, आणि एक महिना, याच्यावर एक दिवस नाही, असं बजावलं. निघताना ते म्हणाले की तुम्हीही बसा खुर्चीत, आलाच आहात तर दात बघतो. आप्पांनी टोपी घातली आणि एसटीची वेळ झाली म्हणून सांगितलं. एसटीला तासभर अवकाश होता.

वाटेत वैरागला गाडी थांबली तशी सगळी भज्यांकडे पळाली. आप्पा मला घेऊन एका दुकानाच्या कोपऱ्यापाशी उभे राहिले. त्या दुकानात दारावरच कुंदकळीची माळ लटकत होती, दुकानदार आप्पांचं जुनं गिऱ्हाईक. आप्पा लांबूनच माळेकडे बघत राहिले.

"तू जा," ते हळूच म्हणाले. "मला तो ओळखतो. दोन ब्रश घे. मऊ."

"माझ्याकडे आहे एक."

"दोन घे," ते म्हणाले. "मामाकडं द्यायचेत म्हण."

मामा सोलापूरला राहत होता आणि आम्ही सोलापूरहूनच येत होतो. पण खोटं बोलण्यात आप्पांचा हात कधी बसला नव्हता, म्हणून तर त्यांना बाजारात अर्धं तोंड लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तेव्हा अक्का पुडीची वाटी घेऊन उभी होती आणि आप्पा पायरीवर बसले होते. त्यांच्या हातात नवा ब्रश होता. अक्काने तो पाहिला आणि आधी तिला शब्दच सुचेनात. मग सुचले ते बरेच सुचले. वडलांचं नाव, घराण्याचं नाव, डुकराचे केस, सगळं एका दमात झालं. आप्पांनी ऐकून घेतलं.

"अक्का, जरा इकडं ये," ते म्हणाले. "वृंदे, तू पण ये. आरसा धर."

बाजारातला तोच मुठीचा आरसा. तो मी त्यांच्यासमोर धरला. आप्पांनी डाव्या हाताने मिशी वर उचलली आणि तोंड उघडलं.

माझ्या वडिलांचं उघडं तोंड मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. दाढा जवळजवळ नव्हत्याच. पुढचे दात हिरडीपाशी झिजून बारीक झालेले, हिरड्या मागे सरकलेल्या, दातांची मुळं दिसत होती. एक दात त्यांनी जिभेने हलवून दाखवला. दूध, कुस्करलेली भाकरी, मिशी, मालकाने स्वतःचं कौतुक करू नये, हे सगळं त्या तोंडात एका जागी दिसलं.

"पाच वर्षांचा होतो तेव्हापासनं घासतोय," ते अक्काला म्हणाले. "जोर लावून. तूच उभी राहायचीस समोर."

अक्काने वाटी खाली ठेवली. तिने पदर तोंडाला लावला, आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की अक्कासुद्धा कायम पदर तोंडाला लावूनच हसते.

"तोंड मिटून हसायला मला कुणी शिकवलं नाही," आप्पा मला म्हणाले. "माझं मी शिकलो. तुला शिकवायला निघालो होतो. आता दाखव, कसा धरायचा हा."

मी त्यांना ब्रश तिरका धरायला शिकवला. हलक्या हाताने, हिरडीच्या कडेकडेने. त्यांचं रक्त आलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रक्त आलं म्हणून सोडायचं नसतं, असं मी सांगितलं. ते पुढे घासत राहिले. मला त्यांचा राग उरला नव्हता, फक्त त्यांच्या गालावरून हात फिरवावासा वाटत होता आणि आमच्या घरात तशी रीत नव्हती.

आता कुणाला वाटेल की कुंदकळीचा कारखाना बंद झाला. आमच्या घरात गोष्टी इतक्या सहज सुधारत असत्या तर आईला डाळ लागली नसती. अक्काने पुडी आणखी बारीक दळायला सुरुवात केली आणि जोर लावू नये असं नव्या पाकिटावर छापायचं ठरलं, एवढी क्रांती झाली. बाजाराच्या दिवशी आप्पा हातगाडी काढताना मला म्हणाले, "चल. तांब्या घे."

तार बसवल्यापासून मी बाजारात गेले नव्हते. ओठ घट्ट मिटून गाडीपाशी उभी राहिले, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात आरसा. आप्पांचं बोलणं नेहमीचं चाललं होतं. माणसं जमली. तेवढ्यात कोथिंबीर विकणारी एक म्हातारी माझ्याकडे निरखून बघायला लागली. तिने माझं नाव विचारलं. उत्तर देण्यापुरतं तोंड उघडावं लागलं.

"अगं बया," ती म्हणाली. "शेट, तुमच्याच पोरीच्या तोंडात तार कशापायी?"

पुढे बोलावलेला गडी अर्धं तोंड उघडं ठेवून तसाच उभा राहिला. आप्पांची बोटं काळ्या पुडीत होती. मला वाटलं आता ते काहीतरी सांगतील, पडली, लागलं, जबड्याचं दुखणं, आणि ते सांगताना अडखळतील.

"तिचे दात वाकडे आले, आज्जी," आप्पा म्हणाले. "मंजनानं दात सरळ होत नाहीत. तार असली की मंजन अडकतं, हिरड्या सुजतात. तिच्या सुजल्या होत्या. आता ती ब्रशनं घासते." ते थांबले. "मी पण."

गाडीवरचं एक पाकीट घसरून खाली पडलं आणि ते कुणी उचललं नाही. आमचा धंदा इथेच, कोथिंबिरीच्या पाटीसमोर बुडाला, असं मला वाटलं. आप्पांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, बोटं पुडीत नीट घोळवली आणि बाजारातला आवाज लावला.

"तर ज्यांच्या तोंडात तार आहे त्यांनी समोरच्या दुकानातनं ब्रश घ्यावा. ज्यांच्या तोंडात तार नाही त्यांनी पुढं यावं."

सगळा बाजार एकदा आपापल्या तोंडात जीभ फिरवून बघतोय असं मला दिसलं, आणि मला हसू आलं. गिळता येईना. दोन्ही हात भरलेले. सवयीने आरशाचा हात वर गेला आणि आरशाआड तोंड लपवून मी हसत राहिले, तांब्यातलं पाणी पायावर सांडलं.

आप्पांनी वळून पाहिलं. मिशीच्या आत काहीतरी हललं.

"आरसा खाली घे," ते म्हणाले. "दिसू दे लोकांना."

मी आरसा खाली घेतला.